खिचडीत गेलेली गंगा

मी लोटी बोलतेय, पार्वतीबाईंची. कलाबाई चोर नाही, हे मी तेव्हा बसमध्ये जीव तोडून सांगत होते. एकाचाही विश्वास बसला नाही. तांब्याचं ऐकतं कोण!

माझा जन्म धुळ्याच्या तांबटाकडचा. पार्वतीच्या लग्नात तिच्या बापाने माझ्या पोटावर तिचं नाव कोरून मला दिलं. तिचा नवरा निंबा सुरतेत कापडाच्या लूमवर कामाला लागला, तशी मीही त्यांच्याबरोबर तिथल्या डिंडोलीत आले. तीस वर्षं त्या घरचं पाणी वाहिलं. मग स्टीलचे ग्लास आले आणि मी माळ्यावर गेले. माणसाचं असंच. चकाकतं ते जवळ, काळवंडलं ते वर.

सत्त्याण्णव साली निंबा अंथरुणाला खिळला. म्हणाला, "तू काशीला जाऊन ये. जिभेवर गंगा पडली की मी सुटलो." पार्वतीने मला चिंचेने घासलं आणि ती मला घेऊन म्हाताऱ्यांच्या यात्रेच्या बसमध्ये बसली.

बसचे पुढारी शालिग्राम गुरुजी, रिटायर झालेले. शिट्टी वाजवून लोकांना लघवीला उतरवायचे! स्वयंपाकाला कलाबाई. घाटावर सगळ्यांनी घरून आणलेल्या लोट्या भरल्या आणि झाकण पक्कं बसावं म्हणून कथलाचा डाक लावायला रांग लागली.

परतताना कामरेजला चहाला थांबलो. सुरत आलीच, म्हणून पार्वतीने मला उचललं. मी हलकी! डाक उचकटलेला, आत थेंब नाही.

ती कलाबाईवर धावली. "काल खिचडीला पाणी नव्हतं. कुठून आणलंस वं?"

"हापशावरून, ताई."

"खोटारडी! माझ्या नवऱ्याचं शेवटचं पाणी शिजवलंस तू!"

"तरीच खिचडी बरी लागली," मागच्या सीटवरचे मगनभाऊ म्हणाले. शुगरचा माणूस, तोंडात पेढा.

गुरुजींनी शिट्टी फुंकली. "कलाबाई, कबूल कर, नाहीतर पुढच्या यात्रेला दुसरी बाई बघावी लागेल."

मी सीटवरून गडगडले, ठणाठणा वाजले. "पाय सांभाळा," एवढंच कुणीतरी म्हणालं.

कलाबाई रडली नाही. "सगळ्यांच्या लोट्या काढा," म्हणाली. एकेक बाहेर आली. सगळ्यांना डाक. शेवटची सोवळ्याच्या फडक्यात बांधलेली. शिट्टी पुन्हा वाजली, पण कुणी लक्ष दिलं नाही. फडकं सुटलं. झाकणाभोवती वाळलेली कणीक!

"ही माझ्या परातीतली," कलाबाई म्हणाली. "काल गोळा कमी झाला, मला वाटलं कुत्र्याने नेला."

कुत्र्याने नाही. घाटावर "डाक कशाला, मी झाकण घट्ट दाबतो" म्हणणाऱ्याने. त्याची गंगा वाटेत सांडली. घरी यात्रेनंतरच्या मावंद्याला दीडशे पानं बसणार होती, पूजा कशाची करणार? सगळे झोपलेले पाहून त्याने मला आपल्या लोटीत रिकामं केलं आणि तिचं झाकण कणकेने लिंपलं.

त्याचं नाव शेवटी घेते, पुढचं आधी ऐका. पाणी परत माझ्यात ओतलं. निंबाने दोन चमचे घेतले आणि तिसऱ्या दिवशी गेला. तेव्हापासून मी फळीवर उपडी आहे. पार्वती मला घासत नाही, माझ्याकडे बघत नाही. कलाबाईचं घर दोन गल्ल्या सोडून आहे, पण माफी मागायला तिचा पाय उचलत नाही. अगं जा की बाई! मला घास, पाणी भर आणि तिच्या दारात जाऊन उभी राहा.

त्या दिवशी कलाबाईने ती कणकेची लोटी पार्वतीच्याच हातात दिली होती. "माले वाचता येत नही. तूच वाच, कोन्हं नाव शे."

पार्वती चौथी शिकलेली. लोटीच्या पोटावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत, अडखळत, अख्ख्या बसला ऐकू जाईल असं तिने वाचलं, "शालिग्राम."