याकोबाच्या पत्रातलं तेल

कौशल्याबाईंनी उकळलेली सुई चिमट्यानं उचलली, तरी डोमाजीनं पांघरुणाखालून हात काढला नाही.

"ठेव ते, ताई. सांगतलं ना मी तुले."

कौशल्याबाई तळेगावच्या मिशन दवाखान्यात बावीस वर्षं नर्स होत्या. डोमाजी त्यांचा धाकटा भाऊ, बैलबंड्यांची चाकं करणारा सुतार. आई गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलं होतं. चोपन्न सालच्या थंडीत तो न्यूमोनियानं फणफणला. दवाखान्यात पेनिसिलिन होतं. रोज एक सुई, आठ दिवस. त्यावर माणसं उठून चालत घरी गेलेली त्यांनी पाहिली होती.

उशाशी बायबल उघडं होतं, याकोबाच्या पत्राशी. कोणी आजारी असेल तर मंडळीच्या वडीलजनांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं तिथं लिहिलेलं. मिशनच्या पाद्रीसाहेबांनी दोघा भावंडांना लहानपणीच त्याचा अर्थ शिकवला होता: त्या काळी तेल हेच औषध होतं, तेव्हा औषधही घ्या, प्रार्थनाही करा. कौशल्याबाईंचं आयुष्य त्या अर्थावर गेलं. डोमाजी मात्र दोन वर्षांपासून पुलगावच्या एका छोट्या प्रार्थनामंडळीत जात होता. तिथले लोक म्हणत, वचनात तेल आहे, प्रार्थना आहे, औषध कुठं आहे? त्यांचे दोघे वडीलजन येऊन त्याच्या कपाळाला तेल लावून गेले होते.

त्याची बायको सुलोचना कॅथलिक घरातली. तिच्या माहेरी हेच वचन वाचून फादर तेल आणत, पण माणूस मरणाच्या दारी असताना. म्हणून तिनं वर्ध्याच्या फादरना निरोप धाडला नव्हता.

"फादरले बोलावलं, तर म्याच ह्यायले मरणाच्या वाटंले लावल्यासारखं होईन, आक्काजी," ती नणंदेला हळूच म्हणाली.

पाचव्या दिवशी दुपारी डोमाजीची शुद्ध गेली. ओठ निळे पडले. सुलोचनानं त्याची बाही वर सारली आणि कौशल्याबाईंनी सुई दिली. दुसऱ्या दिवशीही तो ग्लानीत असतानाच दिली.

तिसऱ्या सकाळी त्यानं डोळे उघडले, पेज मागितली. बहिणीकडं पाहून हसला.

"पाह्यलं ना, ताई? देवानं ऐकलं."

देवानं बरं केलं अशी रविवारी मंडळीपुढं साक्ष द्यायचं तो बोलू लागला. कौशल्याबाई उठून अंगणात गेल्या. गप्प राहावं, तर जागेपणी तो सुई घेणार नाही, आणि अर्धवट दबलेला आजार कसा उलटतो हे त्यांना ठाऊक होतं. दुपारी त्यांनी आत येऊन सगळं सांगितलं. दोन दिल्यात, सहा राहिल्यात, तेवढ्या घे, म्हणून हात जोडले.

तो रागावला नाही.

"म्या देवाचे आभार मानले, अन् तू ऐकून राह्यली होती."

सुईसुद्धा देवाचीच देणगी आहे, असं त्या म्हणाल्या.

"तो तुहा अर्थ आहे, ताई. मले माह्या अर्थानं राहू दे."

पुन्हा शुद्ध गेली तरी सुई द्यायची नाही, असं त्यानं दोघींकडून कबूल करून घेतलं. चार दिवसांनी ताप पुन्हा चढला, शुद्ध गेली. कौशल्याबाईंनी सुई उकळली. पण सुलोचनानं बाही सारली नाही, आणि त्यांनीही सारली नाही. सुलोचनानं मग फादरना बोलावलं. ते आले, पण डोमाजी त्यांच्या मंडळीतला नव्हता. तेलाची डबी पिशवीतच राहिली. फादर सुलोचनाशेजारी गुडघे टेकून बसले, तेवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी डोमाजी गेला.

माती झाल्यावर पुलगावचे वडीलजन भेटायला आले. भाऊ शेवटपर्यंत विश्वासात होते ना, औषध वगैरे घेतलं नाही ना, असं त्यांनी विचारलं. सुलोचनानं मान खाली घातली. बावीस वर्षांत कौशल्याबाईंनी कुठल्याही रोग्याबद्दल खोटं सांगितलं नव्हतं.

"त्यानं नाई घेतलं," त्या म्हणाल्या. "तो वचनावरच होता."

वडीलजनांनी समाधानानं डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. कौशल्याबाई अंगणात आल्या. दोरीवर डोमाजीचा सदरा वाळला होता. घडी घालताना खिशात काही लागलं. सुताराची पेन्सिल, धुण्यात भिजून फुगलेली. त्यांनी ती पदरानं पुसली आणि परत खिशात ठेवून दिली.