दोन धाग्यांची गाडी

सकाळी दहा वाजता गाडी गॅरेजच्या दारातून बाहेर पडली तेव्हा मला आनंद झाला, पण तो गाडीचा नव्हता. एकदाची कटकट टळली, याचा होता. सव्वातीन वर्षं आमच्या घरात जेवताना, भांडताना, आजारी पडतानासुद्धा याच गाडीचा विषय.

सांगाडा आणि पत्रा सगळ्यात जुन्या वर्षाचा. इंजिन त्यानंतर सहा वर्षांनी निघालेल्या मॉडेलचं. पुढची चाकं आणि ब्रेक त्याहून नंतरचे, दारं भंगारातली, डावं एका वर्षाचं आणि उजवं दुसऱ्या वर्षाचं. अशी ही बारा गावचं पाणी प्यालेली दोन सीटची स्पोर्ट्‌स कार माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, उभी केली होती. आप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मी गाड्यांच्या सीट शिवते. त्यांचं गॅरेज आणि माझं दुकान एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्यांचा ठोका चुकला तरी मला ऐकू येतो आणि माझी जीभ सुटली की त्यांना.

अशा गाडीत एक मोठी गोम असते. जुन्या भागांचे आटे इंचाच्या मापाचे, नंतरच्या भागांचे मिलिमीटरचे. शेजारी शेजारी ठेवले तर दोन नट जुळी भावंडं वाटतात. म्हणून आप्पांनी नियम केला होता. इंचाच्या भागाला लाल धागा बांधायचा, मिलिमीटरच्या भागाला निळा. भाग बसला की धागा कापून टाकायचा. धागा माझ्याच दुकानातला, सीट शिवायचा, मेण लावलेला. धुवून काढलेले नट आप्पा आणि मी, ज्याला वेळ असेल तो, बांधून ठेवायचो.

पण वर्षभरात आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "गाडी होऊ दे." गाडी झाली. आज आरटीओच्या तपासणीत पास झाली की गॅरेजला कुलूप लावायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. माझ्या लेकीला तेवढं सांगितलं होतं. आप्पांना सांगायचं धाडस झालं नव्हतं, मग त्यांच्याकडची गॅरेजच्या किल्लीची जोडी गुपचूप माझ्या पर्समध्ये टाकली होती.

गाडी लेक चालवत होती. आप्पा शेजारी, मी इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून, नवरदेवासारखे ताठ. निघताना त्यांच्या मांडीवर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. ही त्यांची जन्माची सवय. नवी बांधलेली गाडी पहिल्यांदा बाहेर काढली की थोड्या अंतरावर थांबवायची, ब्रेक दहा वेळा जीव खाऊन दाबायचा, चाकांखाली वर्तमानपत्रं पसरायची आणि ठिपका पडतो का ते बघत बसायचं.

मी तो गठ्ठा काढून घेतला. माझ्या दुधी रंगाच्या सीटला शाई लागली असती.

"फौजदारीण बाई, कागद राहू द्या," आप्पा म्हणाले. मला ते याच नावाने हाक मारतात.

"कुठे थांबू नकोस," मी लेकीला म्हटलं. "तपासणीचे साहेब अकराला उठून जातात. यांच्या कागदांच्या नादी लागलीस तर आज पुन्हा हात हलवत परत याल."

ते गेले. मी गॅरेज झाडायला घेतलं. खरं म्हणजे आवरायलाच घेतलं होतं. ओट्यावर एका डब्याच्या झाकणात एकच नट पडला होता, ब्रेकच्या नळीचा, बाहेरून आटे असलेला, लाल धागा बांधलेला. आप्पांची शिस्त अशी, की नट मोकळा टाकायचा नाही, त्याच्या मापाचे आटे पाडलेल्या तुकड्यात फिरवून ठेवायचा. लाल म्हणजे इंचाचा. मी जुन्या पितळी तुकड्यात तो फिरवायला गेले. अर्धा वेढा जाऊन अडकला. तिरका लागला असेल म्हणून काढून पुन्हा लावला. पुन्हा अडकला. मग उगाचच मिलिमीटरच्या तुकड्यात लावून पाहिला, तर लोण्यात बोट जावं तसा गेला.

मी तो काढून धागा पुन्हा पाहिला. लालच.

हा नट मिलिमीटरचा होता आणि त्याला लाल धागा होता. इंचाच्या भोकात तो गेला नसणार, म्हणून आप्पांनी आटे खराब समजून बाजूला टाकला असणार आणि नवीन घेतला असणार. ते ठीक. पण नट मोजून दहा होते आणि धागेही हिशेबाप्रमाणेच, सहा लाल, चार निळे. एका निळ्याला लाल लागला, तर एका लालला निळा लागलेला होता. तो डब्यात नव्हता. तो गाडीत होता, पुढच्या चाकाच्या ब्रेकवर.

इंचाचा नट मिलिमीटरच्या भोकात घुसतो. तोच तर वैताग. किंचित बारीक असतो, सैलसर फिरतो आणि शेवटी आवळल्यासारखा वाटतो. अंगणात हळू ब्रेक दाबला तर धरतो. जोरात पाय मारला की सुटतो. आणि या गाडीला जुनाच एकेरी ब्रेक होता. एक नळी सुटली की चारही चाकं मोकळी.

तपासणी केंद्राचा रस्ता खाणीच्या उतारावरून जातो. दोन किलोमीटर सरळ खाली, आणि तळाशी ट्रकचा हमरस्ता.

नट खिशात टाकून मी लेकीला फोन लावला. फोन ओट्यावरच वाजला, चार्जिंगला लावलेला.

माझी मालवाहू गाडी चालू होईपर्यंत तीनदा किल्ली फिरवावी लागली. रस्त्यावर पुढे एक क्रेन चाललेली, गोगलगायीच्या वेगाने, आणि मागे मी हॉर्न बडवतेय. ड्रायव्हरने हात बाहेर काढून "सावकाश" अशी खूण केली. त्याला मी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

पण खऱ्या शिव्या मी आप्पांना घालत होते. मोठ्याने, बंद काचेच्या आत. दिसत नाही तर बांधायचं कशाला? लाल कुठला, निळा कुठला, कळत नाही तर विचारायचं होतं! एवढा कसला हट्ट? माझी एकुलती एक पोर आहे ती. तुम्हाला काही झालं तर मी काय करू? आणि मध्येच आठवायचं, की कागदांचा गठ्ठा माझ्या दुकानात आहे आणि "कुठे थांबू नकोस" हे मीच सांगितलं. ते आठवलं की मी पुन्हा आप्पांच्या डोळ्यांवर घसरायचे.

क्रेन वळली. चौकात सिग्नल लाल होता, मी थांबले नाही. पुढे पेट्रोल पंप, मग वजनकाटा, आणि वजनकाट्यानंतर रस्ता नजरेआड खाली उतरतो. रस्ता रिकामा दिसला. उतारावरचा धूर शोधत होते मी, दुसरं काय.

मग वजनकाट्याच्या आवारात, भिंतीच्या सावलीत, आमच्या गाडीचा हिरवा पत्रा दिसला.

गाडी उभी होती. लेक दार धरून उभी, तोंड पांढरंफटक. आप्पा बनियनवर, पुढच्या डाव्या चाकाशी गुडघे टेकून. त्यांचा शर्ट चाकाखाली पसरलेला होता आणि त्यावर तळहाताएवढा ओला डाग पडला होता.

"आजोबा ऐकेचनात," लेक म्हणाली. "उताराआधी थांबायचं म्हणजे थांबायचं. मी म्हटलं, कागद नाहीत. तर म्हणाले, शर्ट आहे ना. आई, नऊ वेळा ब्रेक घट्ट लागला. दहाव्या वेळी पाय थेट तळाला गेला."

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. आप्पांच्या पाया पडायला हवं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "इस्त्रीचा शर्ट होता तो!" आणि मग रडू फुटलं, लहान मुलीसारखं, वजनकाट्यावरच्या माणसांसमोर.

आप्पा उठले. "झालं ना, थांबलो ना," एवढंच म्हणत राहिले.

डोळे पुसून मी खिशातला नट काढला आणि काय झालं ते सांगितलं. धाग्यांची अदलाबदल, डब्यातला नट, सगळं. लेक ऐकत होती.

"पण धागे चुकीचे बांधले कुणी?" तिने विचारलं.

आप्पांनी नट हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला नाही. अंगठ्याने धाग्याची गाठ चाचपली, एकदा, दोनदा. मग म्हणाले, "मीच. डोळ्यांचं काही खरं नाही आता." आणि नट माझ्या मुठीत ठेवून वरून माझी मूठ मिटली.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिला कुलपाचं ठाऊक होतं.

मी मूठ उघडली. आप्पांची गाठ दुहेरी, ढिली, शेपट्या लांब सोडलेली असते. बोटं आखडल्यापासून तशीच. ही गाठ तीन वेढ्यांची होती, टोकं मुळापासून कापलेली. सीटच्या शिवणीला मी जशी मारते तशी. तो दिवसही आठवला. धुतलेले नट समोर घेऊन मी बसले होते आणि ऑपरेशनवरून आप्पांशी तावातावाने भांडत होते. भांडता भांडता बांधत होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघत होते, आणि मुसळ माझ्याच हातात होतं.

गप्प बसले असते तर काम फत्ते होतं. गुन्हा त्यांनी कबूल केलेला, किल्ली माझ्या पर्समध्ये. संध्याकाळपर्यंत कुलूप लागलं असतं आणि कुणी मला बोल लावला नसता. खोटं कशाला बोलू, क्षणभर तो विचार मनात आला.

"आप्पा, गाठ माझी आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "तुझी गाठ दातांनी सोडवावी लागते."

लेकीने वाकून शर्ट चाकाखालून ओढून काढला आणि दोन बोटांनी धरून उभी राहिली.

"डाग निघेल का गं?" आप्पांनी मला विचारलं.

"ब्रेक ऑइलचा आहे. नाही निघणार."

"मग राहू दे. पुढच्या गाडीला होईल."

माझा हात पर्समध्ये गेला. किल्लीची जोडी काढून मी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती चाचपली, ओळखली, आणि माझ्याकडे कशी आली ते विचारलं नाही.

"आधी डोळे," मी म्हटलं. "पुढच्या गाडीला वर्तमानपत्रं मी आणते."