स्क्रीनचे तीनशे व्होल्ट

वहिनीच्या गिटारचा आवाज मोठा करायला नणंदेने स्वतः पेटीत बसवलेला ॲम्प बनवला होता, जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवाला. वहिनी सगळ्यांना सांगत सुटायची, "नणंदेच्या हातचा आहे, झटका तर बसणारच!"

त्या दुपारी सभागृहात वहिनीचा कार्यक्रम होता. वहिनी आणि दादा ॲम्प घेऊन आधीच गेले होते; नणंद उत्तरार्धालाच जाणार होती. निघायला थोडा अवकाश होता, म्हणून ती पुढच्या ॲम्पचं गणित मांडायला बसली. त्याच ट्यूबची डेटाशीट, म्हणजे कंपनीचा माहितीतक्ता, पुन्हा उघडली आणि तिचा हात थबकला. प्लेटला, म्हणजे ट्यूबमधल्या बाहेरच्या पत्र्याला, चारशे व्होल्टपर्यंत चालत होते. खालच्या ओळीत स्क्रीनची मर्यादा वेगळी दिली होती. स्क्रीन म्हणजे प्लेटच्या आतली बारीक तारेची जाळी. तिला तीनशेच. आणि हिने दोघींनाही पावणेचारशे दिले होते.

घरी काही झालं नव्हतं, कारण शेजाऱ्यांच्या धाकाने वहिनी हळूच वाजवायची. आवाज चढला की जाळी तापते. तापून वाकली, आत कुठे टेकली, तर शॉर्टसर्किट आणि आग! फ्यूज वाचवणार नव्हता. लहान फ्यूज सारखा उडायचा म्हणून हिनेच मोठा बसवला होता.

वहिनीचा फोन बंद. दादाचा नुसताच वाजत राहिला. पायात चपला सरकवून ती धावत सुटली.

सभागृहाच्या दारातच गिटारचा आवाज अंगावर आला. वहिनी डोळे मिटून वाजवत होती. ॲम्पच्या मागे, वीतभर अंतरावर मखमली पडदा होता. ही बाजूच्या पायऱ्यांनी मंचावर चढली आणि तिने मागून वाकून पाहिलं. एका ट्यूबमध्ये जाळीच्या तारा लालभडक झाल्या होत्या.

"वहिनी, बंद कर!"

"शेवटचं गाणं आहे गं!"

"बंद कर म्हणते ना!"

आतून 'फट्' असा आवाज आला. पेटीला हात लावायची तिची हिंमत होईना. ती वायरीच्या मागोमाग भिंतीपर्यंत रांगत गेली आणि तिने प्लग उपटला.

सगळं चिडीचूप झालं.

"माती केलीस माझ्या कार्यक्रमाची," वहिनी दात आवळून म्हणाली. मग तिला वास आला. पेटीतून निघालेला धूर पडद्याला चाटत वर चालला होता. दादा पाणी घेऊन धावला, तशी ही किंचाळली, "पाणी नको! आत अजून वीज साठलेली आहे!" त्याने पडदाच खेचून बाजूला केला. धूर हळूहळू विरला.

वहिनीने शेवटचं गाणं ॲम्पशिवायच वाजवलं. पहिल्या दोन रांगांनाच काय ते ऐकू गेलं.

पुढे हिने स्क्रीनचे व्होल्ट उतरवले आणि योग्य फ्यूज बसवला. तरी कित्येक दिवस वहिनी त्या पेटीजवळ फिरकली नाही. एका रविवारी तिने आपणहून गिटार जोडली.

"मोठ्याने वाजवते. तू मागे बस आणि बघत राहा."

ही जमिनीवर बसली. ट्यूबवरची नजर तिने क्षणभरही हटवली नाही. जाळी काळीच राहिली. वहिनीने विचारलं, "कसं वाजलं?"

हिला एक सूरही आठवेना.