त्याला एक चांगला गुण द्या

मी दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत लेखनाचा वर्ग घेतो. जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्या, ती खोड निवृत्तीनंतरही जाता जात नाही. पहिलाच सराव दिला: दहा ओळींत भीती दाखवा, पण ‘भीती’ हा शब्द वापरायचा नाही. बहुतेकांनी अंधार आणि भुंकणारी कुत्री आणली. अंगावर काटा आणला तो एका मनगटाला पट्टी बांधून येणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बाईंनी.

त्यांच्या गोष्टीतल्या बायकोला खाली स्कूटर थांबल्याचा आवाज येतो आणि नवरा जिना चढून येईपर्यंत ती घरातली एकेक खुर्ची सरळ करते. बस, एवढंच. मी खूश झालो, आणि खूश झालो की मला नको तेवढं शहाणपण सुचतं. त्यांच्या वहीत लाल शाईने लिहिलं, ‘उत्तम. पण नवरा नुसता काळाकुट्ट झालाय. त्याला एक चांगला गुण द्या.’

पुढच्या शनिवारच्या गोष्टीत तो नवरा तापाने फणफणलेल्या बायकोच्या उशाशी दिवसभर बसून होता. पण शेवटी बायको बहिणीकडे राहायला गेली होती आणि गोष्ट तिथेच थांबली होती. मी लिहिलं, ‘आता तो माणूस वाटतो. हिला मात्र अशी लटकत ठेवू नका. काय तो निर्णय घेऊ द्या.’

तिसऱ्या शनिवारी बाईंच्या ऐवजी त्यांची धाकटी बहीण आली. तिने उभ्या उभ्याच सांगितलं, की ताई मोडलेलं मनगट घेऊन तिच्याकडे आली होती, दोन महिने राहिली. वर्ग सुरू झाल्यापासून माझे शेरे ती पुन्हा पुन्हा वाचत बसायची. बुधवारी बॅग भरून नवऱ्याकडे परत गेली आणि तेव्हापासून फोन उचलत नाही. मला ती गोष्टच वाटली होती, असं काहीतरी मी पुटपुटलो. ते माझं मलाच लंगडं वाटलं.

“माझं ती ऐकत नाही,” बहीण म्हणाली. “तुमचं ऐकते. आता तुम्हीच चला.”

आम्ही तडक त्यांच्या घरी गेलो. दार नवऱ्याने उघडलं. हसतमुख माणूस, बसा म्हणाला, पाणी आणून दिलं. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पट्टी आता दोन्ही हातांना होती.

एवढी वर्षं लोकांची वाक्यं सुधारली, पण तेव्हा एक धड वाक्य जुळेना. शेवटी म्हणालो, “बाई, माझं चुकलं. ते फक्त गोष्टीपुरतं होतं. चला आमच्याबरोबर.”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

“सर, तुमचे आभारच मानायचे होते,” तो मऊ आवाजात म्हणाला. “तुम्ही लिहिलेलं हिने मला दाखवलं. आता काही बिनसलं की तेच मी हिला मोठ्याने वाचायला लावतो.”

बहिणीने हात पुढे केला. बाईंनी तो धरला नाही. त्या खाली बघत राहिल्या, आणि मग पट्टी बांधलेल्या हातांनी त्यांनी जवळची खुर्ची सरळ केली.