उजव्या पायाची साक्ष

मी उजवं पायडल बोलतोय. सायकलचं नव्हे, विमानाचं. अलास्कात नदीकाठच्या खडीवर उतरणारी छोटी विमानं असतात, शेपटीखाली इवलंसं चाक असलेली, त्यातल्या एकाचं. ही जात हवेत गरीब गाय. पण चाकं टेकली की गर्रकन फिरून शेपूट पुढे आणायला बघते. तिला सरळ ठेवतो आम्ही दोघं, डावं-उजवं, आणि आमच्यावरचे पाय. म्हणून इथली माणसं म्हणतात, दोराने बांधेपर्यंत विमान उडतंच असतं. म्हणतात खरी, पण वागतात कुठे?

माझा मालक व्हर्न. एका सप्टेंबरात तो मूसच्या, म्हणजे तिकडच्या थोराड सांबराच्या, शिकारीला निघाला, मागच्या सीटवर धाकटा भाऊ डेल. डावीकडे नदी, वाराही तिकडूनच, म्हणजे नाक तिकडे वळू न देण्याचं काम माझं. डेल म्हणाला, या वाऱ्यात तुला जमायचं नाही. व्हर्नने झकास उतरवलं. वेग माणसाच्या धावण्याइतका उरला, तेव्हा मान मागे वळवून म्हणाला, "बघितलंस?" आणि पाय माझ्यावरून काढला.

झालं! विमान नदीकडे फिरलं, उजवा पंख खडीत रुतला आणि आम्ही उलटे पाण्यात. डेल पट्ट्यात उलटा लटकलेला, डोकं बर्फगार पाण्याखाली. व्हर्न बाहेर पडला, चाकूने पट्टा कापू लागला, स्वतःचा तळवा चिरून घेतला. पट्टा तुटला तोवर डेल संपला होता. व्हर्नने सगळ्यांना सांगितलं, वाऱ्याने घात केला. मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडलो असतो.

मोडक्या विमानातून त्याने आम्हा दोन्ही पायडलांना काढलं, फळीवर ठोकलं आणि वायरी लावून संगणकावरच्या विमान उडवायच्या खेळाला जोडलं. पडद्यावर तेच विमान, तीच खडी, तोच वारा. नवशिक्यांसाठीच्या सवलती त्याने बंद केल्या. विमान खऱ्यासारखंच आडमुठं हवं होतं त्याला. रोज उतरायचा, रोज उलटायचा. मग मला लाथा आणि शिव्या. एकदा भिंतीत मूठ घातली, प्लास्टर रक्ताने माखलं. पण नंतर मात्र शांत व्हायचा. कुणालाच जमलं नसतं, असं पुटपुटायचा. एखाद्या दिवशी उतरणं जमतंय असं वाटलं, तर वाऱ्याचा आकडाच वाढवायचा, लबाड कुठला! त्या दिवशीचा ताशी पंधरा मैलांचा वारा तिसावर गेला.

डेलची बायको रोबर्टा दर रविवारी माशाचं सूप घेऊन यायची. तीही वैमानिक. दोन वर्षं तिने वाऱ्याची गोष्ट ऐकून घेतली होती. एका रविवारी तिने वाकून आकडा परत पंधरावर आणला आणि म्हणाली, "उतरव आता." एरवी सगळे पडद्याकडे बघतात. ती खाली बघत होती, माझ्याकडे.

चाकं छान टेकली. वेग उतरला. आणि पाय निघाला. पडद्यावरचं विमान नदीत.

"वारा," व्हर्न म्हणाला.

"वारा नाही. पाय काढलास तू."

त्याला उठवून ती स्वतः बसली. त्याच वाऱ्यात उतरली आणि पडद्यावरच्या विमानाच्या नाकावरचा पंखा फिरायचा थांबेपर्यंत तिने मला सोडलं नाही. तो दाब मी जन्मात विसरणार नाही. मग तिने विचारलं, "त्या दिवशीही काढला होतास?"

व्हर्न म्हणाला, "जमायचं नाही म्हणाला होता. त्याला दाखवायला मागे वळलो, रोबर्टा."

ती खाली बसली. दोन्ही हातांनी हिसडून मला फळीतून उपटलं, स्क्रूसकट. आणि त्याच्या उजव्या पायावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यात आधी मला आला. तिने परत उगारलं. व्हर्न खुर्ची घट्ट धरून होता, चेहरा पांढराफटक. पण पाय त्याने हलवला नाही. दुसऱ्या घावालाही नाही.

तिसरा तिने घातला नाही. मला टाकून रडली, मग त्याला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेली.

आता मी रोबर्टाच्या घरी असतो, परत फळीवर, डाव्याच्या शेजारी. माझी कड वाकलीये, रक्ताचा डाग पुसला तरी गेलेला नाही. रविवारी व्हर्न काठी टेकत येतो आणि तिच्यासमोर उतरायचा सराव करतो. ते मोडलेलं पाऊल थरथरतं, पण पंखा थांबेपर्यंत माझ्यावरून उठत नाही.

तुम्हाला एवढंच सांगतो. कुणाला मागे बसवलं असेल, तर आधी पुरतं थांबा, मग काय ती फुशारकी मारा.