नानवरचं फडकं

“शिवण दिसतेय का? नाही ना? मग जे दिसतच नाही, त्यावरून डोकं कशाला फिरवतोयस, पोरा?”

“दिसत नाही म्हणूनच फिरलंय, बायके. दिसलं असतं तर परवाच फिरलं असतं, गाडी नेली तेव्हा.”

बायके, म्हणजे दादा, असं ज्याला सगळे म्हणत तो कामचीबेक मोठ्यांदा हसला. दुकानात तिसरा माणूस असला की तो असाच हसतो, म्हणजे समोरचा आपोआप येडा ठरतो. तिसरा माणूस म्हणजे सातार-आता; ‘आता’ म्हणजे इथल्या बोलीत आजोबा. म्हातारा त्याच्या जुनाट गाडीच्या स्टिअरिंगला कातडं चढवून घ्यायला आला होता. कातडं चढून तासभर झाला, तरी चहाच्या ओट्यावरून हलत नव्हता. उंच पांढरी टोपी गुडघ्यावर, चहाची वाटी हातात. फुकटचं भांडण सोडून कोण उठतंय?

परवाच इथून सीटं नवी शिवून नेलेली गाडी तिलेकने दुकानाच्या तोंडावरच आडवी घातली होती. चारही दारं सताड उघडी आणि हा मधे उभा. ओश शहराच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्यांचीच दुकानं, त्यामुळे मागून कोणीतरी हॉर्न मारायला लागला. तिलेकने मागे न बघता नुसता हात वर केला.

“आधी गाडी बाजूला घे,” कामचीबेक म्हणाला.

“आधी शिवण उसवा.”

“अरे, शिवलेलं उसवायला माझं काय डोकं फिरलंय? सगळ्या ओशमध्ये विचार, कामचीबेकचं सीट कुठे फाटलंय का. माझा बाप खोगिरं शिवायचा. त्याच दोऱ्याने शिवतो मी. घोडा ओढूदे, तुटायचा नाही!”

“तेच तर म्हणतोय मी! तुटायचा नाही!”

सातार-आताने वाटी खाली ठेवली. “म्हणजे? पोरा, दोरा तुटत नाही ही तक्रार आहे तुझी?”

“हो, सातार-आता.”

“कमाल झाली. माझी तर सगळ्या गोष्टी तुटतात हीच तक्रार आहे.”

तिलेकला हसू आलं असतं, पण त्याला हसायचं नव्हतं. सकाळी गाडी धुताना त्याने ते बघितलं होतं आणि तेव्हापासून डोक्यात घण पडत होते. पुढच्या सीटच्या कडेला एक छोटी पांढरी पट्टी असते, त्यावर परदेशी अक्षरं. तिलेकला ती अक्षरं वाचता येत नव्हती. नववीतच शाळेला रामराम ठोकलेला, आणि मास्तरांनीही त्याला अडवलं नव्हतं. पण पट्टी कुठल्या बाजूला होती ते त्याला पक्कं ठाऊक होतं. दाराच्या बाजूला. आता ती गिअरच्या बाजूला शिवलेली होती. अगदी सुबक, सरळ टाक्यांत, चुकीच्या जागी.

ती पट्टी कशाची ते त्याला वाचून नाही, बघून कळलं होतं. हिवाळ्यात बिश्केकच्या घाटात एक गाडी बर्फावरून घसरून कड्यावर आडवी आदळली होती. तिलेक तिच्या मागेच होता. बघतो तर सीटची कड उकललेली, तिथून पांढरी एअरबॅग पिशवीसारखी लोंबतेय, आणि गाडीवाला बाहेर उभा राहून सिगरेट ओढतोय. म्हणजे पिशवी सीटमधून येते, शिवण फाडून. शिवण फाटलीच नाही तर ती आतल्या आत फुगून बसणार, चुलीत फसलेल्या फटाक्यासारखी. आणि ज्याला पट्टीची बाजू कळली नाही, त्याने दोरा तरी कुठला वापरला असेल?

“हे बघा बायके,” तिलेक म्हणाला. आवाज खाली आणायला त्याला दात आवळावे लागले. “छताचं कापड तुम्ही जुन्याच कापडावर चिकटवलंत. मला कळलंय. चालेल. उन्हाळ्यात सुटून डोक्यावर आलं तर टोपी घालीन. दाराच्या आतल्या क्लिपा अर्ध्याच लावल्यात, दार आपटलं की दात वाजल्यासारखं वाजतं. तेही चालेल, मी गाणी लावतो. सीटच्या पाठीला हलकं कापड मारलंत—”

“पाठ कोण बघतं?”

“कोणीच नाही. म्हणून म्हणतोय, चालेल. तुम्हाला पण पोट आहे. पण ही शिवण नाही चालायची.”

“त्याचं काम त्याला शिकवतोय हा,” सातार-आता म्हणाला. कोणाच्या बाजूने ते मात्र कळेना.

कामचीबेक ओट्यावर येऊन बसला. मधे दस्तरखान, खाण्याचं कापड, पसरलेलं होतं. त्यावर मुरंबा, साखर आणि सकाळचा गोल नान, एका बाजूने तोडलेला, शेजारी झाकायचं फडकं. त्याने स्वतःला चहा ओतला. मग अगदी सहज, माशी हाकलावी तसं, फडक्याचं टोक उचलून नानवर ओढलं.

“तिथे वेगळा दोरा आहे,” तो म्हणाला. “त्या शिवणीला कच्चा, खास, फॅक्टरीतला. बिश्केकहून मागवतो मी. पट्टी माझ्या पोऱ्याने उलटीकडे लावली, ते त्याचं चुकलं. पण शिवण बरोबर आहे. झालं समाधान?”

तिलेक फडक्याकडे बघत राहिला.

परवाही हेच झालं होतं. गाडी ताब्यात घेताना त्याने विचारलं होतं, “सगळं नीट ना, बायके?” तेव्हा ते तिघे इथेच बसले होते, कामचीबेक, त्याचा पोऱ्या आणि तिलेक. कामचीबेकने असंच फडकं ओढलं होतं आणि मग म्हणाला होता, “सगळं नीट.” तिलेकला वाटलं, धूळ येतेय म्हणून. त्याच्या आधी, कापड दाखवताना, “हे तुर्कस्तानचं” म्हणाला, तेव्हाही.

धूळ कसली? आज वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. उघड्या नानसमोर खोटं बोलायचं नसतं, हे तर इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. नुरझात एजे, त्याची थोरली बहीण. सातवा महिना. नवरा रशियात बांधकामावर, म्हणून बिश्केकच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं काम तिलेकवर. इथल्या डॉक्टरीणबाईने सांगितलं होतं, आजच निघा, थांबू नका.

“कुठे मेलायस?” एजे म्हणाली. “सासूबाईंनी पिठाचे बोरसोक तळून पिशवी भरलीये. मी बूट घालून बसलेय. आता परत काढायला वाकता येत नाही मला, कळतंय का?”

“येतो, एजे.”

“येतो येतो काय? घाटात अंधार करणार आहेस का? आणि ऐक, मी पुढे बसणार. मागे मला मळमळतं.”

“पुढेच बस,” तिलेक म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

पुढे म्हणजे डावीकडे. जपानहून आलेली गाडी, स्टिअरिंग उजवीकडे, आणि इथे गाड्या चालतात रस्त्याच्या उजव्या अंगाने. म्हणजे बाजूला बसणाऱ्याच्या खांद्याला लागून समोरून येणारे ट्रक जातात. चीनचा माल भरलेले, वळणावर निम्मा रस्ता खाणारे. एजे तिथे बसणार. दोन जीव घेऊन.

तो ओट्याजवळ गेला, वाकला आणि नानवरचं फडकं बाजूला केलं.

“आता म्हणा.”

“काय म्हणू?”

“तेच. शिवण बरोबर आहे, कच्चा दोरा आहे. नानवर हात ठेवा आणि म्हणा, खोटं असेल तर नान मारो मला.”

“तू माझ्या दुकानात मला शपथ घालतोस? तुझ्या बापाच्या वयाचा आहे मी!”

“वयाने आहातच. हात ठेवा.”

कामचीबेकने सातार-आताकडे बघितलं. म्हाताऱ्याने टोपी डोक्यावर चढवली होती, आता तो प्रेक्षक राहिला नव्हता. “ठेव ना, कामची,” तो म्हणाला. “खरं असेल तर एका क्षणाचं काम. नान तर तुझाच आहे.”

कामचीबेकचा हात उठला. मोठा हात, बोटांना सुयांचे काळे ठिपके. नानपाशी गेला आणि तिथेच थांबला. त्याने एक चुरा उचलला, दस्तरखानवर पडलेला, आणि तोंडात टाकला.

“रीळ बदलायचं म्हणजे सगळं मशीन परत बसवावं लागतं,” तो शेवटी म्हणाला. “तेवढ्याशा शिवणीसाठी. कच्चा दोरा संपला होता. बिश्केकहून यायला आठवडा लागतो आणि तू रोज येऊन डोकं खात होतास, झालं का, झालं का. आणि अजून कोणी मेलं नाहीये, ऐकतोयस? एकही माणूस नाही.”

“मेला असता तर इथे सांगायला येणार होता का?”

सातार-आताने चहाची वाटी लांब सारली.

“पुढच्या आठवड्यात ये,” कामचीबेक म्हणाला. “दोरा मागवतो. नीट शिवून देतो, आईशपथ.”

“आईशपथ नको. मी आज निघतोय.”

तिलेकने मशीनवरचं ब्लेड उचललं. कोणी काही बोलायच्या आत तो डाव्या सीटपाशी गुडघ्यांवर बसला होता. शिवण वरच्या टोकाला पकडून त्याने पहिला टाका कापला. खोगिराचा दोरा खरंच चिवट होता, ब्लेड दोनदा घसरलं. नवंकोरं करडं कापड, ज्यावर एजे परवा हात फिरवून म्हणाली होती, ‘अगदी सोफा!’ ते ओठ उघडल्यासारखं फाकायला लागलं. आतून पिवळा फोम डोकावला.

“खोल घालू नकोस!” कामचीबेक ओरडत धावला. “मूर्खा, आत बॅग आहे! नुसते टाके काप, वरचेवर!”

“आता आठवली बॅग?”

“सरक.”

“नाही सरकत.”

“अरे सरक म्हणतो ना! तुला लाज नाही, मला तर आहे. असलं वेडंवाकडं उसवलेलं माझ्या दुकानातून गेलं तर लोक काय म्हणतील?” त्याने तिलेकच्या हातातलं ब्लेड काढून घेतलं. तिलेकने ते सोडलं, पण जागा सोडली नाही. नाक जवळजवळ शिवणीला लावून तो एकेक टाका बघत राहिला. कामचीबेकचा हात मात्र चालत होता झरझर. कापडाला ओरखडाही नाही. एवढं नीट उसवता येतं, तर एवढंच नीट शिवायला काय झालं होतं, असं तिलेकच्या जिभेवर आलं. त्याने गिळलं.

वरपासून खालपर्यंत कड मोकळी झाली. सीट भिकाऱ्याच्या कोटासारखं दिसायला लागलं.

“एजे मला जीव खाऊन शिव्या देणार,” तिलेक म्हणाला.

“देऊ दे,” ओट्यावरून सातार-आता म्हणाला. “शिव्या देतेय म्हणजे बसलीये शेजारी.”

तिलेक उठला, दारं लावायला लागला. डावीकडची दोन लावली. उजवीकडे आला, तर कामचीबेक ब्लेड घेऊन ड्रायव्हरच्या दारात उभा.

“आता काय?”

“तुझी बाजू,” कामचीबेक खाली बघत म्हणाला. “तीही त्याच दोऱ्याची आहे.”

तिलेकने वाकून सीटची कड बघितली. सकाळपासून त्याने एकदाही आपल्या सीटकडे बघितलं नव्हतं. “नानवर?”

कामचीबेकने ओट्याकडे बोट केलं. फडकं बाजूलाच पडलेलं, नान उघडा. “बघ की. उघडाच आहे.” आणि तो वाकून टाके कापायला लागला.

“बायके, अशा किती गाड्या गेल्यात इथून?”

ब्लेड थांबलं. परत चालू झालं. मागचा हॉर्नवाला आता उतरून चालत येत होता, तोंडाने काहीबाही बोलत. खिशात फोन परत थरथरला.

“किती, बायके?”

“मोजल्या नाहीत,” शेवटचा टाका कापत कामचीबेक म्हणाला. “पण ओळखतो सगळ्यांना.”

“मग बोलवा त्यांना. परतीला मी इथूनच जाणार आहे, विचारीन.” तिलेकने त्याच्या खांद्याला धरून त्याला बाजूला केलं आणि उसवलेल्या सीटवर बसून चावी फिरवली. “आता सरका. मला निघायचंय.”