सात बाप आणि पांढऱ्या गोळ्या

माझ्या थोरल्या भावाला, एसेनबेकला, डॉक्टरीणबाई पसंत पडल्या नाहीत. त्यांनी आमच्या अतांना, म्हणजे वडिलांना, आज वार कोणता ते विचारलं. वार न आठवणं आमच्या नारिन गावात आजारात धरत नाहीत. बाईंनी मात्र स्मृतिभ्रंश सांगितला, पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, की गेलेलं परत येणार नाही, पण आहे ते काही काळ टिकेल. रोज द्या, मध्येच बंद करू नका.

आईला तेवढंही पुष्कळ होतं. अता तिला ऐन तरुणपणापासून 'म्हातारे' म्हणून हाक मारत. आम्हा भावंडांची नावं त्यांच्या तोंडून निसटायला लागली होती, ती हाक मात्र शाबूत होती. तेवढी राहू दे, एवढंच तिचं मागणं.

गोळ्या बिश्केकहून एसेनबेक आणायचा, त्यामुळे औषधातली सगळी अक्कलही त्याच्याचकडे. दर शुक्रवारी चहा झाला की तो परीक्षा घ्यायचा. अता, सात बाप सांगा. ज्याला आपल्या सात पिढ्यांचे बाप सांगता येत नाहीत, त्याला आमच्यात कुणी माणसात धरत नाही. अता डोळे मिटून ओमुर्झाकपासून तिलेकपर्यंत घडाघडा म्हणून दाखवायचे. पोरवयात घोटून घेतलेली नावं ती, कुठे जाणार? त्याच अतांना अंगणातला संडास सापडत नव्हता. पण हात धरून न्यायला आई होती, म्हणून ते एसेनबेकला कधी दिसलं नाही.

अता ठणठणीत झाले, असं त्याने जाहीर केलं आणि गोळ्या बंद केल्या. उरलेल्या वाटून टाकल्या. काही पुतणीला परीक्षेसाठी, काही तालुक्याच्या साहेबाला, कारण त्याला स्वतः दिलेली आश्वासनं आठवत नाहीत. साहेबाला गुण आला नाही. मी भांडायला गेले तर मला म्हणाला, "तू आता दुसऱ्या घरची. तिथला चहा बघ."

मग अतांच्या नव्या नातवाला पाळण्यात घालायचं जेवण आलं. अता मानाच्या जागी, हातात सुरी, समोर मेंढीचं उकडलेलं डोकं. त्याचा कान घरातल्या लहान पोराला देतात, मोठ्यांचं ऐकायला शिकावं म्हणून. एसेनबेकने पाहुण्यांदेखत अतांकडून सात बाप वदवून घेतले. सगळे वाहवा करत होते, तेव्हा अतांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"तू कुणाचा रे?"

"तुमचाच, अता."

"माझी पोरं लहान आहेत. सात बाप सांग."

पाहुणे हसले. एसेनबेकही हसत सुरू झाला आणि चौथ्या नावाशी अडकला. पुन्हा पहिल्यापासून म्हणाला, पुन्हा तिथेच अडकला. पाहुण्यांत बसलेला तालुक्याचा साहेब ताटात बघत राहिला. मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

ते फार टिकलं नाही. अता शेजारी बसलेल्या आईकडे वळले आणि परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने म्हणाले, "बाई, या बिचाऱ्याला काही आठवत नाही. तुमच्याकडे एखादी गोळी असली तर द्या त्याला."

आईने अतांच्या हातातली सुरी घेतली, डोक्याचा कान कापला आणि सगळ्यांसमोर एसेनबेकच्या ताटात ठेवला.

"खा," ती म्हणाली.